भोपळा मिळाला त्या दिवशी

"ताई, जून दुधी कोण विकतं हो? तो बी धरायला ठेवतात," असं मला मंडईतल्या एका मावशींनी सांगितलं आणि सोबत एक कोवळा लुसलुशीत दुधी नखाने टोचून दाखवला, की बघा, असा घ्यायचा असतो. पण मला कोवळा नकोच होता. मला हवा होता वाळलेला, कडक, हलवला की आतल्या बिया खुळखुळतील असा. चार दिवस मी तो शोधत होते. आमची नेहमीची कोथरूडची भाजीवाली झाली, मंडई झाली, मार्केट यार्डला जाणाऱ्या शेजारच्या काकांना सांगून झालं, सगळ्यांचं उत्तर एकच, तुम्हाला कशाला हवाय तसला. शेवटी आमच्या ग्रुपमधल्या धायरीच्या एका आईच्या माहेरी, मुळशीकडे, बियांसाठी वेलावर मुद्दाम सोडलेले तीन दुधी निघाले आणि गोठ्याच्या आढ्याला टांगलेला गेल्या वर्षीचा एक, आतून पूर्ण वाळलेला. मंगळवारी रात्री ते चारही दुधी पोत्यातून आमच्या घरी आले, आणि पोत्याबरोबर तिची आईपण आली, म्हणजे मुळशीची आजी, कारण तिला बघायचं होतं की शहरातली पोरं दुधीचं नक्की काय करतात.

आम्ही म्हणजे सहा घरं आणि नऊ मुलं. सगळ्यात छोटी पाच वर्षांची, सगळ्यात मोठी तेरा. कोणी धायरीहून येतं, बाणेरचे जुळे आहेत, एक सिंहगड रोडची, बाकी आसपासचे. आठवडाभर सगळे आपापल्या घरी शिकतात आणि दर बुधवारी आमच्या तळमजल्यावरच्या घरी जमतात, बाहेर सोसायटीचं पार्किंग आहे आणि मागे थोडी मोकळी जागा, त्यामुळे आवाजाचा कोणाला त्रास होत नाही. होमस्कूलिंग म्हटलं की लोक पहिलं परीक्षेचं विचारतात, तर ते एकदा सांगून टाकते, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, आताचं एनआयओएस, १९८९ पासून आहे, वयाला चौदा पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येतं, आमच्यातली मोठी तेच करणार आहे. आता पुढे.

बुधवार हा पहिल्यापासून गोष्ट, चित्र आणि गाण्याचा दिवस. आणि पहिलं वर्षभर मी त्याचं अगदी नीट टाइमटेबल केलं होतं, साडेनऊ ते साडेदहा गोष्ट, साडेदहा ते साडेअकरा चित्रकला, मग पंधरा मिनिटं खाऊ, मग गाणं. गोष्ट ऐन रंगात आली की मी घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, चला, आता रंग काढा, राहिलेली गोष्ट पुढच्या बुधवारी. मुलं उठायची पण, शहाणी होती, उठायची आणि रंग काढायची, पण कागदावर जे यायचं त्याचा त्या गोष्टीशी काही संबंध नसायचा, सगळ्यांचे आपले दोन डोंगर आणि मधला सूर्य. आम्ही शाळा सोडली होती पण शाळेची घंटा मी घरी घेऊन आले होते, हे कळायला मला वर्ष लागलं.

कळलं ते केळकर म्युझियममध्ये. ऑगस्टमध्ये आम्ही सगळे शुक्रवार पेठेत गेलो होतो, राजा दिनकर केळकर संग्रहालय, पुण्यातल्या माणसाने लहानपणी एकदा शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं आणि नंतर पाहुणे आले तरच परत जातो. मी जाताना मुलांना एवढंच सांगितलं की दिनकर केळकर नावाचे एक गृहस्थ होते, त्यांच्या घरचं चष्म्यांचं दुकान होतं, ते 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे, आणि १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, दरवाजे, म्हणजे लोक जे टाकून देतात ते. हजारो वस्तू झाल्या. आणि त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय. यावर बाणेरच्या जुळ्यांपैकी एक जण खूप वेळ गप्प होता आणि मग अडकित्त्यांच्या कपाटासमोर म्हणाला, "म्हणजे हे सगळं राजाचं आहे?" मी हो म्हटलं. अजून काय म्हणणार होते.

वाद्यांच्या दालनात आमची छोटी काचेला नाक लावून उभी होती. एक बघितलं, दुसरं बघितलं, आणि तिने विचारलं, "एवढे भोपळे का आणलेत इथे?"

खरंच की. आपण तंबोरा बघतो, वीणा बघतो, सतार बघतो. तिला भोपळे दिसत होते. तिथेच माझ्या मनात आलं की आता विषय नाही धरायचा, तास नाही धरायचा, एक वस्तू धरायची आणि तिच्या मागे जायचं. दिवाळीनंतरचा पहिला बुधवार ठरला. भोपळ्याचा.

सकाळी गोष्ट माझ्या सासूबाईंकडे. त्या मूळच्या मिरजेच्या, आता शहात्तर वर्षांच्या, नऊही मुलांच्या आजी. मला वाटलं होतं त्या खुर्चीवर बसतील, मुलं खाली, नेहमीसारखं. तर त्या खालीच बसल्या, गुडघ्यांची कुरकुर असताना, वाळलेला दुधी मांडीवर घेतला आणि काही न बोलता बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. मग शेजारच्या ओल्या दुधीवर केलं. ओला नुसता ठप्प वाजतो. वाळलेला मात्र टुण्ण. परत वाजवलं, टुण्ण, आणि सगळ्या मुलांच्या तोंडून एकदम निघालं, "टुणुक टुणुक!" आता म्हातारी, लेकीकडे जाणं, वाटेतला वाघ, परत येताना भोपळ्यात बसणं, ही गोष्ट मराठी घरात कोणाला नवीन नाही, मी स्वतः शंभर वेळा ऐकली आणि शंभर वेळा सांगितली, पण टुणुक हा शब्द मला कायम उड्या मारल्यासारखा वाटायचा, चेंडूसारखा. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की तो पोकळ वाळलेल्या भोपळ्याचा आवाज आहे. ज्या कोणी बाईने ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली असेल तिच्या हाताशी असा भोपळा असणार, असं मला तरी वाटतं.

मग भांडण झालं, आणि ते इतकं चांगलं भांडण होतं की मी मध्ये पडलेच नाही. जुळ्यांचं म्हणणं, हा भोपळा नाही, हा दुधी आहे, भोपळा लाल असतो, घारग्यांचा, आणि तो मोठा असतो म्हणून म्हातारी त्यात मावते. धायरीची म्हणाली दुधीपण भोपळाच, दुधीभोपळा म्हणतात की. मोठीने लॅपटॉप उघडला आणि वाचून काढलं की लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला, पोर्तुगीज वगैरे लोक समुद्रावरून आले त्यानंतर आपल्याकडे पोचला, म्हणजे पाचशे वर्षांच्या आतलाच, आणि दुधीची जात मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वाद्यांना लागणारा गोल कडू भोपळा दुधीच्याच जातीतला. शांतता पसरली. मग माझा लेक म्हणाला, "गोष्ट जर पाचशे वर्षांपेक्षा जुनी असेल तर म्हातारी लाल भोपळ्यात बसूच शकत नाही. ती ह्याच्यात बसली असणार."

सगळे आजींकडे बघायला लागले. आजींनी दुधी मांडीवर फिरवला, एकदा, दोनदा. म्हणाल्या, "असेल रे बाबा. मला माझ्या आजीने रंग सांगितलाच नव्हता. लाल मीच केला."

सत्तर वर्षं मनात असलेल्या एका चित्राचा रंग त्या सहज बदलत होत्या, नऊ वर्षांच्या पोराच्या सांगण्यावरून, आणि त्यांना त्यात काही जड जात नव्हतं. मी तिथे भिंतीला टेकून उभी होते आणि मला एकदम भरून आलं.

अकरा वाजता तंबोरा आला. सदाशिव पेठेत एक मावशी गाणं शिकवतात, माझ्या मैत्रिणीच्या नात्यातल्या, त्यांना मी विचारलं होतं की मावशी, नुसतं या, शिकवू नका काही, तंबोरा मुलांना जवळून बघू द्या. रिक्षातून आल्या, गवसणीतला तंबोरा शेजारी सीटवर बसवून, स्वतः कडेला अंग चोरून. आत आल्या, सतरंजी सरळ केली, तंबोरा काढला आणि मुलांना म्हणाल्या, "हा लागल्याशिवाय मी बोलणार नाही हं."

आणि खरंच नाही बोलल्या. वीसेक मिनिटं असतील. खुंटी पिळायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, खालचा मणी किंचित सरकवायचा, परत छेडायचं. आधीच्या वर्षीची मी असते तर या वीस मिनिटांनी माझा जीव अर्धा झाला असता, मुलं कंटाळतील, काहीतरी देऊया हातात. सुरुवातीला मुलं चुळबुळलीच. जुळे एकमेकांना ढोसत होते. पण हळूहळू काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, खोलीच शांत होत गेली, मुळशीची आजी आत ताटं मांडत होती ती पण दारात येऊन थांबली, कारण आवाज आधी चार तारांचा वेगवेगळा येत होता आणि तो जवळ जवळ येत एक व्हायला लागला होता, आणि हे सगळ्यांना ऐकू येत होतं, गाणं न शिकलेल्यांना सुद्धा.

मग मावशी बोलल्या. पहिली तार पंचमाची, म्हणजे प, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, म्हणजे सा, शेवटची जाड पितळी खर्जाची, म्हणजे खालचा सा. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली, सुताचा बारीक दोरा असतो, जवारीचा, तो मावशींनी एकेकाला सरकवू दिला. दोरा नसेल तर तार नुसती कोरडी वाजते आणि संपते. दोरा नेमक्या जागी आला की तीच तार एकदम उघडते, घोडीला हलकासा उतार असतो आणि त्यावर तार अगदी हलके घासत राहते म्हणून तो झणकार लांबत जातो. याला जवारी खुलणं म्हणतात. केसाएवढा दोरा हलवला की असं होतं, आणि ते मुलांनी स्वतःच्या बोटाने केलं. धायरीचीने सात वेळा केलं. मावशींनी तिला सात वेळा करू दिलं, मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

तंबोरा मिरजेचा होता हे कळल्यावर आमच्या आजी पुढे सरकल्या. त्यांनी लहानपणी ती दुकानं बघितलेली, माळ्यावर रचलेले भोपळे, खाली पाय पसरून बसलेले कारागीर. हे कारागीर शिकलगार, म्हणजे मूळचे तलवारींना, हत्यारांना धार लावणारे लोक, संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांचं काम कमी झालं तसे त्यांच्यातले काही जण एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे बनवायला लागले. तलवार धरणारा हात तंबोऱ्याकडे वळला, हे मला स्वतःला इतकं थोर वाटतं की मी ते मुलांना दोनदा सांगितलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आणि भोपळा येतो पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूने, तिकडे शेतकरी तो मुद्दाम वाद्यांसाठी लावतात, कडू असतो, खाण्याच्या कामाचा नाही. हे ऐकून धायरीची म्हणाली की आपण फर्ग्युसन रस्त्यावर पालखी बघायला गेलो तेव्हा दिंडीत वीणेकरी होते ना, त्यांच्या वीणेला पण भोपळा होता. "म्हणजे भोपळा पंढरपूरहून आला आणि वीणा होऊन परत पंढरपूरला चालत चाललाय." हे तिचं वाक्य आहे, मी फक्त लिहून ठेवलं.

आता माझ्या लेकाबद्दल. तो दुसरीत असताना, तेव्हा शाळेत जायचा, गॅदरिंगला त्यांच्या वर्गाचं समूहगीत होतं. महिनाभर घरात ते गाणं चालू होतं, आंघोळ करताना, जेवताना. मग एकदम बंद झालं. खूप दिवसांनी कळलं की त्याला सांगितलं होतं, तू सुरात नाहीस, तू नुसते ओठ हलव. त्याने ते केलं. स्टेजवर पहिल्या रांगेत उभा राहून, सगळ्या गाण्यात, नुसते ओठ. आम्ही खाली बसून टाळ्या वाजवल्या, आम्हाला कळलंही नाही, आणि ही गोष्ट मला आजही रात्री जागं करते. शाळा सोडण्यामागे बाकीचीही कारणं होती, हेच एक असं मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून कोणी गायला लागलं की हा पाणी प्यायला उठायचा.

त्या दिवशी तो उठला नव्हता. सगळ्यात मागे, कपाटाला पाठ लावून बसला होता. मावशींनी सांगितलं, एकेकाने या आणि भोपळ्याला कान लावा. छोटी पहिली गेली. दोन्ही हातांनी भोपळ्याला मिठी मारली, कान लावला, आणि तिचे डोळे एवढे मोठे झाले. "आत कोणीतरी बसलंय."

"कोण गं?"

"म्हातारी. झोपलीये ती, हळू."

कोणी हसलं नाही. पुढच्या प्रत्येकाने आत म्हातारी आहे हे धरूनच कान लावला. माझा लेक सगळ्यात शेवटी गेला आणि परत आलाच नाही, तिथेच बसून राहिला, कान लावून, डोळे मिटून. मावशी तारा छेडत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "चार तारांमध्ये स्वर किती?" दोन, पंचम आणि षड्ज, मुलांनी बरोबर सांगितलं. "अजून काही ऐकू येतंय का कोणाला?" कोणालाच नाही. आणि माझ्या लेकाने डोळे मिटलेलेच ठेवून हात वर केला, शाळेतल्यासारखा, एक बोट. म्हणाला, "वरती अजून एक आहे. त्याला कोणी वाजवत नाहीये, तो आपोआप येतोय."

मावशींचा हात थांबला नाही पण चेहरा बदलला. म्हणाल्या, "गंधार आहे तो, सारेगममधला ग. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. तंबोरा उत्तम लागला तरच येतो, आणि आला तरी सगळ्यांना पहिल्या दिवशी ऐकू येत नाही." मग त्यांनी तो गाऊन दाखवला, अगदी बारीक आवाजात, आणि त्या आवाजाचं बोट धरून आम्हाला बाकीच्यांनाही एकेक करत तो ऐकू यायला लागला. खर्जाची तार एका कंपनाने वाजते पण तिच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी कंपनंही एकाच वेळी चालू असतात, त्यातलं पाचपटीचं म्हणजे हा गंधार. तिपटीतून पंचम येतो. मोठीने ते लगेच वहीत मांडून बघितलं. माझा लेक मात्र परत कान लावून बसला.

तो त्या दिवशी गायला नाही. त्यानंतरही गायलेला नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण ज्या ज्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तिने पुढे हेच विचारलं, मग गायला का तो? नाही. त्याला ऐकू येतं. ज्या मुलाला सुरात नाहीस म्हणून गप्प केलं त्याला न वाजवलेला स्वर सगळ्यात आधी ऐकू आला, मला याच्यापुढे काही नको आहे. आता तो रोज झोपताना माझ्या मोबाइलवर तंबोरा लावून झोपतो आणि म्हणतो, ह्यातला गंधार खोटा आहे, फार स्वच्छ आहे.

जेवायला दुधीची थालीपीठं होती, दोन्ही आज्यांनी मिळून केलेली. संपली लगेच.

दुपारी सिंहगड रोडच्या मुलीचे बाबा आले. ते डहाणूकडचे, वारली, पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहेत, सगळी मुलं त्यांना दादा म्हणतात. गावाहून येताना त्यांनी तारपा आणला होता, हातभर लांबीपेक्षा मोठा, वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. मुलांनी तो बघितला आणि एकच ओरडा, "परत भोपळा!"

मला वाटलं होतं दादा वारली चित्र शिकवतील, गोल काढा, त्रिकोण काढा, दोन त्रिकोण जोडले की माणूस. हल्ली ते सगळीकडे चालतं, पिशव्यांवर, कपांवर. त्यांनी आधी वेगळंच सांगितलं. "आमच्याकडे चित्र काढलं म्हणत नाहीत. चौक लिहिला म्हणतात." लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्ये पालघाट देवी. आणि त्या लिहीत असताना शेजारी धवलेरी बसून गात असते, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. "म्हणजे गाणं, चित्र, गोष्ट, सगळं एकाच वेळी?" मोठीने विचारलं. दादा म्हणाले, "वेगळं कसं करणार?" हा प्रश्न होता, त्यांना खरंच कळत नव्हतं की वेगळं कसं करतात. मी एक वर्ष तेच तर करत होते, घड्याळ लावून.

त्यांनी गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं सांगितलं, की हे काम बायकांचं आणि लग्नापुरतं, पण १९७०च्या दशकात ह्या माणसाने ते लग्नाबाहेर, रोजचं म्हणून काढायला घेतलं आणि जगभर पोचवलं, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. जुळ्यांनी लगेच विचारलं, मग आपण चौक लिहूया का. दादा नाही म्हणाले. सरळ, शांतपणे. "तो लग्नातच लिहायचा. आज आपण तारप्याचा नाच लिहू." मला ते 'नाही' म्हणणं फार आवडलं. कला म्हणजे काहीही कुठेही काढायचं असं आपण मुलांना शिकवतो, आणि इथे कोणीतरी सांगत होतं की काही गोष्टींना त्यांची वेळ असते, ती येईपर्यंत थांबायचं.

सोसायटीतला एक जुना दरवाजा आम्ही आदल्या दिवशी गेरूने सारवून ठेवला होता. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं, बांबूच्या काड्या चावून टोकं मऊ केली. पण धवलेरी कुठून आणणार? दादा म्हणाले कोणीतरी गायला तर पाहिजे. सगळे एकमेकांकडे बघत असताना मुळशीची आजी पदर खोचून पुढे आली, दरवाजाच्या कडेला बसली आणि जात्यावरची ओवी धरली. आधी हळू, मग जरा मोकळी. तिची लेक माझ्या शेजारी उभी होती, ती म्हणाली, मी ही ओवी कधी ऐकलीच नाही, आईला येते हेच मला माहीत नव्हतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, मुळशी-मावळातल्या कितीतरी बायकांच्या त्यात आहेत, हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं ते लांबचं. ही बाई तर आदल्या रात्री आमच्याकडे पोत्यावर हात ठेवून बसली होती आणि तिच्या पोटात हे सगळं होतं.

ओवी चालू असेपर्यंत काड्या चालू राहायच्या. ती थांबली, पाणी प्यायली, की मुलांचे हातही आपोआप थांबायचे. हे कोणी सांगितलं नव्हतं.

भात कापून झाला की आमच्याकडे तारपा वाजतो, दादा म्हणाले, म्हणजे आत्ता त्याचे दिवसच आहेत. पार्किंगमध्ये गेलो. त्यांनी तारपा तोंडाला लावला आणि तो आवाज, काय सांगू, जाडा, भरलेला, मध्ये श्वास कुठे घेतायत ते कळतच नाही. मुलांनी एकमेकांच्या कमरेला हात धरले. नियम एकच, तारप्याकडे पाठ करायची नाही. वाजवणारा वळला की रांग वळणार, तो आत गेला की रांग त्याच्याभोवती गुंडाळत जाणार. दोन वेळा गाठ बसली, एकदा जुळे पडले, तिसऱ्यांदा रांग अशी गुंडाळली गेली की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "अगं वरून बघ, गोगलगाय झालीये!" आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका शेपटाला जोडले गेले. माझा लेक त्यांच्या पुढे होता, तोंड उघडं, घामाघूम.

परत आल्यावर छोटीने कोणाला न विचारता दरवाजावरच्या गोलाच्या मधोमध एक मोठा भोपळा काढला आणि त्यात एक म्हातारी. तारपेवाल्याच्या जागी. मोठी म्हणाली अगं ते चुकलं. दादांनी जवळ जाऊन बघितलं, बराच वेळ बघितलं. "राहू दे," म्हणाले.

संध्याकाळी ग्रुपवर एका आईचा मेसेज, फोटो टाक ना, मुलांनी काय काय बनवलं. आणि माझ्या लक्षात आलं की मी दिवसभरात एकही फोटो काढलेला नाही. घरी नेण्यासारखंही काही नव्हतं, दरवाजा तर अर्धवट होता. नवरा ऑफिसमधून आला, त्याने विचारलं आज काय केलं, लेक म्हणाला, "भोपळा ऐकला." एवढंच. चौथीत मला गणितात भोपळा मिळाला होता, आईची सही घेताना हात थरथरला होता, त्यानंतर हा शब्द मला कधी आवडला नव्हता. त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, आज सगळ्यांना भोपळा मिळाला, आणि खाली दिवसभराचं सगळं लिहीत बसले, ते लिहिता लिहिता एक वाजला, त्यातलंच बरंचसं हे आहे.

ओले तीन दुधी बाल्कनीत टांगले होते. आढ्याला वर्षभर टांगलं तेव्हा कुठे तो एक वाळला होता, त्यामुळे घाई नव्हतीच. डिसेंबरात एकाला बुरशी लागली, जानेवारीत दुसरा खालून मऊ पडला, टाकून द्यावा लागला. तिसऱ्यावर डाग आलेत, पिवळट तपकिरी, हाताला हलका लागतो. परवा लेकाने तो उतरवला, कानापाशी धरून हळूच हलवला. आत खुळखुळ झालं, मला तरी ऐकू आलं, मी म्हटलं, वाळला रे!

त्याने परत हलवला. मान तिरकी करून ऐकलं, अगदी मावशींसारखी.

"अजून नाही," म्हणाला. "एक बी चिकटलेली आहे आत." आणि परत टांगून ठेवला.